पाच टक्के कुठे गेले?

निवडणूक जवळ आली की आमच्या भागात एक वाक्य हमखास ऐकू येते. "मिला था सर, पाँच टक्का. कोर्टने छीन लिया." बोलणारा कधी ऑटोवाला असतो, कधी जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा पदवीधर, कधी चक्क आमच्यातलाच एखादा शिक्षक. पुसद, दिग्रस, आर्णी, उमरखेड, कुठेही जा, वाक्य तेच. गेल्या दहा-अकरा वर्षांत ते इतके घोटले गेले आहे की आता लोक ते इतिहास म्हणून सांगतात. शिक्षणातल्या आरक्षणापुरते तरी हे वाक्य साफ चुकीचे आहे. कोर्टाने ते काढून घेतले नव्हते. ते कसे गेले हे समजून घ्यायचे तर राज्याचा कायदा कसा बनतो आणि कसा बनत नाही, हे पाहावे लागते. आठवीच्या नागरिकशास्त्रात राज्यशासनावर धडा आहे. मुले तो पाठ करतात, पेपर लिहितात, विसरतात. मोठी माणसे तर तो कधी उघडतच नाहीत.

आधी घडले काय ते क्रमाने पाहू.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने २००८ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली राज्यातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. समितीचा अहवाल २०१३ मध्ये सरकारच्या हाती आला. त्यात आरक्षणाची शिफारस होती. मग काय झाले? डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन झाले. २०१४ च्या सुरुवातीला मुंबईत अधिवेशन झाले. लोकसभेची निवडणूक झाली, सत्ताधारी आघाडीचा दणकून पराभव झाला. जूनमध्ये पुन्हा अधिवेशन झाले, अर्थसंकल्प मांडला गेला. या कुठल्याही अधिवेशनात मुस्लिम आरक्षणाचे विधेयक आले नाही. अधिवेशन संपले, आमदार आपापल्या गावी गेले, आणि २५ जूनला मंत्रिमंडळाने निर्णय जाहीर केला: मराठा समाजाला १६ टक्के, मुस्लिमांतल्या मागास समूहांना ५ टक्के. ९ जुलै २०१४ रोजी दोन अध्यादेश निघाले. मुस्लिमांसाठी 'विशेष मागास प्रवर्ग-अ' असा नवा प्रवर्ग तयार झाला. विधानसभेची निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर होती.

मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. तहसीलसमोर दाखल्यांसाठी रांगा लागल्या. 'अध्यादेश' या शब्दात 'आदेश' आहे, त्यामुळे सगळ्यांना वाटले की हुकूम निघाला, आता विषय संपला.

इथे थोडा भाषेचा विषय काढतो, कारण उर्दू शाळेत मराठी शिकवणे हाच माझा धंदा आहे. कायदा, मसुदा, मंजूर, दाखल, अंमल, जाहीर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले आहेत. आमच्या घरातले म्हाताऱ्यांनासुद्धा ते न सांगता कळतात. पण ज्या तीन शब्दांवर सगळा खेळ चालतो ते अध्यादेश, विधेयक आणि अधिनियम संस्कृतातून घडवलेले आहेत, आणि ते नीट कुणी समजावून देत नाही. याचा अर्थ ते फक्त आमच्याच लोकांना कळत नाहीत असे नाही. पाटीलवाड्यातल्या माणसालाही शासन निर्णय आणि अधिनियम यांतला फरक विचारून बघा.

विधेयक म्हणजे सभागृहात मांडलेला कायद्याचा मसुदा. तो दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, राज्यपालांची संमती मिळाली आणि राजपत्रात छापला गेला की त्याचा अधिनियम होतो. अधिनियम म्हणजे पक्का कायदा. अध्यादेश ही त्याची तात्पुरती सोय आहे. सभागृह भरलेले नाही, आणि काम तातडीचे आहे, तर घटनेच्या कलम २१३ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. त्याला कायद्याइतकाच जोर असतो, पण त्याला मुदत असते. सभागृहे पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे अधिनियमात रूपांतर झाले नाही, तर तो आपोआप संपतो. तो रद्द करायला कुणाला बोट उचलावे लागत नाही, मतदान घ्यावे लागत नाही, भाषणही करावे लागत नाही. कॅलेंडरचे पान उलटले की तो संपला. आणि शासन निर्णय, ज्याला आपण सगळे जीआर म्हणतो, तो तर कायदाच नव्हे. तो सरकारच्या एखाद्या विभागाचा प्रशासकीय आदेश. आज एक काढला, उद्या दुसरा काढून पहिला रद्द केला, विधिमंडळाला विचारायची गरज नाही.

आता पुन्हा २०१४ कडे येऊ. सप्टेंबरच्या शेवटी आघाडी फुटली, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी राजीनामा दिला, महिनाभर राष्ट्रपती राजवट लागली. १५ ऑक्टोबरला मतदान झाले, ३१ ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली. १४ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही अध्यादेशांवर अंतरिम आदेश दिला. मराठा आरक्षणाला पूर्ण स्थगिती. मुस्लिम आरक्षणाला सरकारी नोकऱ्यांपुरती स्थगिती. शिक्षणातले मुस्लिमांचे ५ टक्के मात्र न्यायालयाने थांबवले नाहीत. या समूहांच्या शैक्षणिक मागासपणाची आकडेवारी सरकारजवळ होती, आणि ती न्यायालयाला सकृतदर्शनी पटली.

हे वाक्य मी वर्गात आणि वर्गाबाहेर किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. ज्या कोर्टाला आम्ही शिव्या देतो, त्याच कोर्टाने शिक्षणातले आरक्षण चालू ठेवायला परवानगी दिली होती.

डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन भरले. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, सकाळच्या एस.टी.ने निघाले तर दुपारच्या कामकाजाला प्रेक्षक गॅलरीत बसता येते. त्या अधिवेशनात मराठा आरक्षणाचे विधेयक आले आणि मंजूर झाले. ज्याला कोर्टाने पूर्ण स्थगिती दिली होती त्याचा कायदा झाला. ज्याच्या अर्ध्या भागाला कोर्टाने हात लावला नव्हता त्याचे विधेयक सरकारने मांडलेच नाही. सभागृहे नोव्हेंबरमध्ये भरली होती. तिथून सहा आठवडे मोजले की डिसेंबरचा चौथा आठवडा येतो. त्या आठवड्यात अध्यादेश संपला. मार्च २०१५ च्या पहिल्या आठवड्यात सरकारने एक शासन निर्णय काढून कागदोपत्री झाकपाक केली. वर्तमानपत्रांनी 'मुस्लिम आरक्षण रद्द' अशी बातमी तेव्हा छापली, त्यामुळे लोकांच्या डोक्यात मार्च बसला. खरे तर ते दोन महिने आधीच संपलेले होते.

धर्माच्या आधारावर आरक्षण देता येत नाही, ही नव्या सरकारची भूमिका होती आणि ती त्यांनी लपवली नाही. मला ती मान्य नाही, कारण तो प्रवर्ग मागास समूहांचा होता, सरसकट सगळ्या मुस्लिमांचा नव्हता. पण विरोधकाने आपल्या विचाराप्रमाणे वागावे यात आश्चर्य कसले? माझा राग दुसऱ्यांवर जास्त आहे. अहवाल हातात असताना ज्यांच्याकडे बहुमत होते, सभागृह भरलेले होते, वेळ होता, त्यांनी विधेयक का आणले नाही? एकदा अधिनियम झाला असता, तर पुढच्या सरकारला तो घालवायला निरसनाचे विधेयक सभागृहात मांडावे लागले असते. चर्चा झाली असती, मतदान झाले असते, कोण हो म्हणाले आणि कोण नाही हे नोंदले गेले असते. अध्यादेशाने सगळ्यांचीच सोय केली. देणाऱ्यांना 'आम्ही दिले' म्हणता आले, घेणाऱ्यांना काहीच न करता घेता आले.

यावर कुणी म्हणेल, कायदा झाला असता तरी कोर्टात अडकलाच असता. शक्य आहे. मराठा आरक्षणाच्या त्या कायद्याला एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिलीच. राज्यात आधीचे आरक्षण ५२ टक्के, त्यात २१ मिळवले की ७३ होते, आणि इंद्रा साहनी खटल्यापासून ५० टक्क्यांची मर्यादा सर्वांच्या डोक्यावर आहे. पण पुढे काय झाले तेही बघा. २०१८ मध्ये मराठा समाजासाठी नव्या आयोगाचा अहवाल आणि नवा कायदा आला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो टक्केवारी कमी करून मान्य केला. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात पुन्हा १० टक्क्यांचा कायदा एकमताने मंजूर झाला. दहा वर्षांत तीन कायदे. कोर्टात अडकला की दुरुस्त करून पुन्हा आणायचा, हे त्यांच्याबाबतीत तिन्हीत्रिकाळ होऊ शकले, कारण रस्त्यावर लाखोंचे मूक मोर्चे होते आणि सभागृहात आवाज होता. मराठा समाजाचा मला हेवा वाटत नाही. त्यांनी विधिमंडळाचे दार कुठे आहे ते ओळखले आणि तिथेच ठोठावत राहिले, एवढेच मी म्हणतो.

मार्च २०१५ च्या त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि राज्याचा कायदा म्हणजे काय हे शिकवायला मला तिच्याइतके चांगले उदाहरण आजवर सापडलेले नाही. ४ मार्चला महाराष्ट्र प्राणी संरक्षण सुधारणा कायदा लागू झाला. १९७६ च्या मूळ कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच. या सुधारणेने बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कुरेशी बिरादरीच्या चुली त्या आठवड्यात थंड झाल्या, आणि म्हातारा बैल विकून पेरणीचा पैसा उभा करणारा आमच्याकडचा कापूसवाला शेतकरीही, तो कुठल्याही जातीचा असो, गोत्यात आला. लोकांना वाटले, सरकार येऊन चार महिने झाले नाहीत तोच कायदा केला. तसे नव्हते. ते विधेयक १९९५ चे होते. मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना युती सरकारने ते दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतले. कलम २०० प्रमाणे राज्यपाल एखादे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवू शकतात. तसे ते जानेवारी १९९६ मध्ये दिल्लीला गेले. तिथे ते एकोणीस वर्षे पडून राहिले. मधल्या काळात राज्यात पंधरा वर्षे काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते. कित्येक विधानसभा आल्या आणि विसर्जित झाल्या. पण दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक विधानसभा विसर्जित झाली म्हणून मरत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती आली आणि ते जिवंत होऊन उभे राहिले.

हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. एकाची प्रक्रिया पूर्ण झालेली होती, तो एकोणीस वर्षे थांबला आणि तरी कायदा झाला. दुसऱ्याची प्रक्रिया अपुरी होती, तो सहा महिन्यांतच संपला. युतीवाल्यांचा हेतू मला पटो वा न पटो, १९९५ मध्ये त्यांनी काम कच्चे सोडले नव्हते. त्या कायद्यातला राज्याबाहेरून आणलेले मांस बाळगण्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला, बाकीची बंदी कायम राहिली.

आपल्याच जिल्ह्यातले एक चांगले उदाहरणही आहे, आणि ते विसरले जाते याचे मला वाईट वाटते. यवतमाळ जिल्ह्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, दोघेही पुसदचे. त्यांतले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ त्या खुर्चीवर होते. त्यांच्या काळात, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पोचली. आमच्या घरातल्या जुन्या लोकांनी त्या कामावर गिट्टी फोडलेली आहे. योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. जे लोक 'परिषद कशाला हवी, पडलेल्यांची सोय' म्हणतात त्यांनी हे लक्षात ठेवावे. सुरुवातीला ही योजनाच होती, सरकारच्या मर्जीवर चालणारी. पण ती तिथे थांबली नाही. १९७७ मध्ये तिचा अधिनियम मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तोवर वसंतराव नाईक पायउतार होऊन चार वर्षे झाली होती, मंत्रालयात सरकारे बदलली होती. मागेल त्याला काम हा हक्क मात्र टिकला, कारण तो अधिनियमात लिहिलेला होता. या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा झाला. शिक्षकांच्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तोच हा व्यवसाय कर. आमच्या स्टाफरूममध्ये त्याच्या नावाने सगळे बोटे मोडतात. तो कुठून आला हे सांगितले की थोडा वेळ शांत बसतात.

आता सभागृहाकडे येऊ. विधानसभेत २८८ सदस्य. मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ४३ पर्यंत. एखाद्या विभागाला कायदा हवा असला की तो प्रस्ताव करतो, विधि व न्याय विभाग मसुदा बांधतो, मंत्रिमंडळ मान्यता देते, मंत्री विधेयक मांडतात. मग वाचने, कलमवार चर्चा, दुरुस्त्या. पुस्तकात हे फार रुबाबदार दिसते. प्रत्यक्षात कित्येक विधेयके गोंधळात, काही मिनिटांत, 'हो' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा म्हणून मंजूर होतात. दुसरे सभागृह म्हणजे विधान परिषद, ७८ सदस्यांची. त्यांतले ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक संस्थांच्या सदस्यांनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी, आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. परिषद साधे विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना अडवू शकते, धन विधेयक जेमतेम चौदा दिवस. शेवटी चालते विधानसभेचेच.

शिक्षकांच्या जागेबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. अमरावती शिक्षक मतदारसंघात यवतमाळ येतो. पण त्यात मत द्यायचे तर माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत, आधीच्या सहा वर्षांपैकी तीन वर्षे शिकवलेले असावे लागते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत, पोडावर आणि तांड्यावर वीस-वीस वर्षे पहिली ते चौथी शिकवणारा माणूस राज्यघटनेच्या लेखी या कामापुरता शिक्षक नाही. राज्यात सर्वांत जास्त शिक्षक त्याच वर्गात मोडतात. कलम १७१ लिहिताना प्राथमिक शिक्षक सातवी शिकलेले असत, ते समजू शकतो. आज ते डी.एड., बी.एड., टीईटी करून बसले आहेत. पण हे बदलायचे तर संसदेचा कायदा लागेल, मुंबईच्या हातात ते नाही.

परिषदेतल्या ३० आणि १२ या जागा आमच्यासारख्यांसाठी महत्त्वाच्या होत्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत. २०२४ च्या विधानसभेत निवडून आले १०, म्हणजे साडेतीन टक्के. ही तूट परिषदेतून थोडीफार भरली जायची. जुलै २०२४ मध्ये दोन मुस्लिम सदस्यांची मुदत संपली, त्यांतले वजाहत मिर्झा आपल्याच जिल्ह्यातले. त्यानंतर काही काळ परिषदेत एकही मुस्लिम सदस्य नव्हता. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल नियुक्त जागांवर सात जण आले, त्यांत इद्रिस नायकवडी एक. या बारा जागांचे तोवर काय चालले होते? २०२० च्या नोव्हेंबरात महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने बारा नावे राज्यपालांकडे पाठवली होती. ना होकार, ना नकार. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले की वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे घटनात्मक कर्तव्य आहे. तरीही ते सरकार पडेपर्यंत निर्णय झाला नाही. राज्यपाल म्हणजे नुसता शिक्का, असे मुलांना शिकवताना आता मी थांबतो.

महाविकास आघाडीचे नाव निघालेच आहे तर हेही सांगायला हवे. फेब्रुवारी २०२० मध्ये अल्पसंख्याक मंत्री नवाब मलिक यांनी याच विधान परिषदेत सांगितले की शिक्षणात मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण देण्यासाठी सरकार लवकरच कायदा करील. आमच्याकडे पुन्हा फोन खणखणले. चार-पाच दिवसांत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले की असा कोणताही प्रस्ताव त्यांच्यासमोर आलेला नाही. मग कोरोना आला, आणि सरकार जाईपर्यंत विधेयक काही आले नाही. म्हणजे एका सरकारने उशिरा आणि कच्चे दिले, दुसऱ्याने मुदत संपू दिली, तिसऱ्याने बोलून दाखवले. तिन्हींच्या प्रचारसभांना आपण गेलो आहोत.

मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आणि मैदानातल्या सभेत दिलेला शब्द एकच नसतो, हे तेव्हा कुणी लक्षात घेतले नाही. सभागृहातले आश्वासन नोंदले जाते. ते पाळले का हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आपल्या आमदाराला सांगून तिथे पाठपुरावा करवता येतो. आमच्या बिरादरीच्या बैठकीत ठराव होतात, निवेदने तयार होतात, तहसीलदारांना दिली जातात, फोटो व्हॉट्सअॅपवर जातात. तहसीलदार कायदा करत नाहीत. ते निवेदन वर पाठवतात, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत एक ओळ वाढते.

जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी वेगळे काही दिसले. २०२४ च्या जुलैत ते पहिल्यांदा मांडले गेले, डिसेंबरात पुन्हा, आणि मग ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने जनतेकडून सूचना मागवल्या. बारा हजारांहून अधिक आल्या. मसुद्यात काही बदल झाले, थोडे झाले, पण झाले. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. त्या महिन्यांत मी ओळखीच्या दहा-बारा सुशिक्षित लोकांना विचारले, वकील धरून, की सूचना पाठवली का. अशी काही सोय असते हेच निम्म्यांना ठाऊक नव्हते. हीच माणसे त्या विधेयकावर रात्री दोनपर्यंत व्हॉट्सअॅपवर भांडत होती.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी उमेदवार मोहल्ल्यात येऊन पाच टक्के म्हणाला, की त्याला हार घालण्याआधी विचारावे: कोणत्या अधिवेशनात? विधेयक की अध्यादेश? सरकार तुमचे नसले तर अशासकीय विधेयक मांडणार का? ते कुठलाही आमदार मांडू शकतो. अशी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत, हे खरे. पण सभागृहात आले की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर छापले जाते. आणि तांबोळी, पिंजारी, बागवान, अत्तार या आपल्या समूहांना ओबीसीच्या यादीतून मिळणारे आरक्षण आजही चालू आहे, धर्माच्या नव्हे तर व्यवसायाच्या आणि मागासपणाच्या आधारावर. त्याचे जात प्रमाणपत्र आणि पडताळणी वेळेत करून न घेतल्याने दरवर्षी मुले प्रवेशाला मुकतात. नसलेल्या पाच टक्क्यांवर भाषणे ऐकणारे पालक असलेल्याचा दाखला काढायला जूनच्या शेवटच्या आठवड्यात धावतात.

ज्यांना माझे म्हणणे पटत नसेल त्यांच्यासाठी एक साधा उपाय आहे. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे कामकाज शब्दशः नोंदले जाते आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ते मिळते. डिसेंबर २०१३ चे नागपूरचे काढावे, जून २०१४ चे मुंबईचे काढावे, मग डिसेंबर २०१४ चे पुन्हा नागपूरचे. मराठी वाचता येणाऱ्या कुणालाही ते कळते. आपल्या नावावर मते घेतलेल्यांपैकी कोण उठले, किती वेळ बोलले, आणि कोण त्या दिवशी सभागृहात नव्हतेच, ते त्यात सापडेल.